भांडे हवे, माणूस नको

समाजाची नीती तपासायची असेल, तर त्याचे जाहीरनामे बाजूला ठेवून आधी त्याच्या स्वयंपाकघरात जावे. सगळी माणसे समान जन्माला येतात, असे १७७६ साली जगाला ठणकावून सांगणाऱ्या अमेरिकेच्या घराघरांत तेव्हा मातीची भांडी होती. साय धरण्यासाठी दुधाचे पसरट परळ, लोण्याची मडकी, सफरचंदाच्या सायडरच्या सुरया, लोणच्याच्या बरण्या, खारवलेल्या मांसाचे रांजण. उन्हाळ्यात पिकवलेले आणि शरदात कापलेले अन्न हिवाळाभर पुरवायचे, तर ते याच भांड्यांच्या भरवशावर. आज ही भांडी संग्रहालयांतल्या काचेच्या कपाटांत दिमाखाने बसली आहेत. लोक त्यांचा घाट पाहतात, त्यांवरची निळी फुले पाहतात, जुन्या लोकांच्या साध्या राहणीचे गोडवे गातात आणि पुढे सरकतात.

मला त्या कपाटांपुढे थांबून बोलायचे आहे. ही भांडी साक्षीदार आहेत, आणि त्यांची साक्ष त्या समाजाच्या विरुद्ध जाते. त्याने भांडे घेतले आणि भांडे घडवणारा माणूस नाकारला. त्याहून गंभीर गोष्ट ही, की त्याने हे अजाणता केले नाही. प्रत्येक वेळी त्याला ठाऊक होते.

आधी विषाचे पाहू. सतराव्या शतकापासून न्यू इंग्लंडमध्ये आणि पुढे पेनसिल्व्हेनियात गावोगावचे कुंभार जवळपासची तांबडी माती वापरत. ती स्वस्त, हाताशी मिळणारी आणि बेताच्या आंचेवर भाजली जाणारी. पण भाजल्यावरही ती सच्छिद्र राहते. दूध, पाणी, रस सारे तिच्यात झिरपते. म्हणून भांड्याला आतून झिलई द्यावी लागे आणि ती झिलई शिशाची असे. शेंदूर किंवा मुरदाडशिंग जात्यात बारीक दळायचे, माती आणि पाण्यात कालवायचे, भांड्याच्या पोटात फिरवायचे आणि भट्टीत लावायचे. भट्टीतून काचेसारखे चकचकीत भांडे निघे. दळताना उडणारी धूळ कुंभाराच्या नाकातोंडात जाई. तिथून उरलेले विष गिऱ्हाइकाच्या घरी पोचे, कारण आंबट पदार्थ झिलईतले शिसे ओढून घेतो. सिरका, सायडर, लोणचे, आंबलेले दूध, म्हणजे गरिबाच्या फडताळात जे असे नेमके तेच. शिसे शरीरात साठत गेले की पोटात पीळ पडतो, मनगटे लुळी पडतात, आणि लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते.

हे कोणाला कळत नव्हते का? कळत होते. १७२३ साली मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने रम गाळण्याच्या भट्टीत शिशाची टोपणे आणि नळ्या वापरण्यास कायद्याने बंदी केली. बेंजामिन फ्रँकलिनने १७८६ च्या एका पत्रात या कायद्यामागची हकीकत लिहून ठेवली आहे. न्यू इंग्लंडच्या रममुळे पोटशूळ होतो, हातपाय जातात, अशी तक्रार नॉर्थ कॅरोलिनातून आली होती, आणि ती तक्रार बाजारपेठेची होती. माल खपणार नाही म्हटल्यावर भट्ट्या तपासल्या गेल्या, दोष शिशाचा आहे असे वैद्यांनी सांगितले आणि कायदा झाला. फ्रँकलिनने त्याच पत्रात खंत व्यक्त केली, की उपयोगाचे सत्य किती काळ नुसते ठाऊक राहते आणि आचरणात येतच नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, १७८५ मध्ये, फिलाडेल्फियाच्या एका वृत्तपत्राने शिशाच्या झिलईच्या भांड्यांबद्दल उघड इशारा दिला होता. आंबट पदार्थ ही झिलई हळूहळू खातात, ती अन्नात मिसळते, आणि याचे भोग मुख्यतः खेड्यातल्या आणि गरीब माणसांच्या वाट्याला येतात, हे त्यात स्पष्ट म्हटले होते. म्हणजे रोग कळला होता, कारण कळले होते, आणि तो कोणाला होतो हेही कळले होते.

पर्यायही होता. न्यूयॉर्कचे कुंभार अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून स्टोनवेअर, म्हणजे दगडासारखी घट्ट भाजलेली भांडी, करत होते. न्यू जर्सीच्या साउथ अँबॉय परिसरातली घट्ट माती होडीने आणायची, साडेबाराशे अंशांच्या आसपास आंच चढवायची, भट्टी ऐन भरात आली की वरच्या भोकांतून मीठ टाकायचे. मिठाची वाफ होते, ती मातीतल्या वाळूच्या अंशाशी एकजीव होते आणि भांड्यावर संत्र्याच्या सालीसारखी बारीक दाणेदार झिलई बसते. त्यात शिशाचा कणही लागत नाही. पण ती माती सगळीकडे नव्हती, लाकूड जास्त जळे, भांडे महाग पडे. ज्याच्या खिशाला परवडले तो विषातून सुटला. ज्याला परवडले नाही त्याच्या घरात एकोणिसाव्या शतकातही शिशाचेच परळ राहिले. व्यापाराच्या रमसाठी जो कायदा तत्परतेने झाला, तो गरिबाच्या मुलाच्या दुधासाठी झाला नाही, कारण त्या मुलाच्या वतीने तक्रार करणारी बाजारपेठ नव्हती. माणसाच्या जिवाची किंमत त्याच्या खरेदीच्या ताकदीवरून ठरवणे हा या समाजाचा पहिला गुन्हा.

शिसे टाळून झिलई करता येते, हे दक्षिणेतही सिद्ध झाले. साउथ कॅरोलिनाच्या एजफील्ड जिल्ह्यात १८१० च्या दशकात लाकडाची राख, वाळू आणि माती यांची झिलई वापरात आली. तिचा रंग हिरवट तपकिरी, भांड्यावरून ओघळणारा. ती निर्धोक आणि टिकाऊ होती. तिथले विष भांड्यात नव्हते, भांडे करवून घेण्याच्या रीतीत होते. हे कारखाने गुलामांच्या श्रमावर चालत. याच जिल्ह्यातल्या पॉटर्सव्हिल इथे २०११ साली पुरातत्त्वज्ञांनी खोदकाम केले तेव्हा १०५ फूट लांबीची भट्टी निघाली. एवढी भट्टी पेटती ठेवायची तर माती खणायची, मळायची, लाकूड तोडायचे, चाक फिरवायचे, भांडी रचायची, रात्रंदिवस आंच सांभाळायची. आणि यातल्या प्रत्येक कामाला विकत घेतलेली माणसे होती. त्यांनी केलेले रांजण आसपासच्या मळ्यांवर जात. त्यांत डुकराचे खारवलेले मांस भरले जाई आणि त्यातूनच कापूस वेचणाऱ्या गुलामांचा आठवड्याचा शिधा निघे. एका गुलामाच्या हातचे भांडे दुसऱ्या गुलामाला उद्याच्या कामापुरते जगवण्यासाठी वापरले जात होते.

या कारखान्यांतला एक माणूस डेव्ह. जन्म १८०० च्या सुमारास, जन्मतःच गुलाम. धनी बदलत गेले, तो एकाकडून दुसऱ्याकडे गेला. तो चाकावर असा बसे की त्याच्या तोडीचे मोठे रांजण करणारा शोधून सापडला नसता. पण त्याची खरी ओळख वेगळीच आहे. त्याला लिहिता येत होते. भांडे चाकावरून उतरले, किंचित आवळले, तरी माती अजून ओली आहे, एवढ्या अवधीत तो टोकदार काडीने खांद्याच्या उतारावर अक्षरे कोरी. तारीख, स्वतःचे नाव, कधी दोन ओळींचे यमक. त्याच्या सहीची शंभराहून अधिक भांडी आज ठाऊक आहेत.

त्यातला एक रांजण चार्ल्स्टनच्या संग्रहालयात आहे. १३ मे १८५९ ही तारीख त्यावर कोरलेली आहे. मावते सुमारे ४० गॅलन, म्हणजे दीडशे लिटर. एवढे मोठे भांडे एकाच वेळी चाकावर उभे राहत नाही. बूड आणि खालचा भाग चाकावर ओढायचा, तो थोडा सुकू द्यायचा, मग वर मातीच्या जाड वळ्या चढवत, आतून एक हात आणि बाहेरून एक हात देत भिंत वाढवायची. आतला हात काढायला किंचित उशीर झाला तर सगळा डोलारा बसतो. हे दोघांचे काम होते आणि त्या भांड्यावर दोन नावे आहेत: डेव्ह आणि बॅडलर. तिथेच धनी लुईस माइल्सच्या नावाची आद्याक्षरेही आहेत. ज्यांनी हाताने काम केले त्यांचीही नावे, आणि ज्याने ते हात विकत घेतले होते त्याचीही. सगळा अमेरिकेचा इतिहास त्या एका खांद्यावर लिहिलेला आहे.

आता कायदा पाहा. डेव्हचे यमक कोरलेले सर्वांत जुने ज्ञात भांडे जुलै १८३४ चे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात साउथ कॅरोलिनाच्या विधिमंडळाने गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे हा गुन्हा ठरवला. शिकवणारा गोरा असेल तर दंड आणि कैद, मुक्त कृष्णवर्णीय असेल तर दंडासोबत फटके, गुलाम असेल तर फटके, पन्नासपर्यंत. असा कायदा करणाऱ्यांच्या मनात काय होते? कृष्णवर्णीयांना बुद्धी नाही, असे ते चारचौघांत म्हणत. बुद्धी नसलेल्याला शिकवायला बंदी कोण करील? दगडाला वाचायला शिकवू नका असा कायदा कोणी करत नाही. समोरच्या माणसाला बुद्धी आहे, शिकला तर तो हिशेब मागेल, हे पक्के ठाऊक असलेल्या लोकांनीच तो कायदा केला. त्याचे प्रत्येक कलम हा त्यांच्याच खोटेपणाचा कबुलीजबाब आहे.

आणि डेव्हचे रांजण तर त्यांच्याच कोठारांत उभे होते. मांस काढायला जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर, खांद्याच्या उंचीवर, एका गुलामाने जुळवलेले यमक असे. ऑगस्ट १८५७ मध्ये त्याने एका भांड्यावर विचारले, की माझे सगळे नातलग कुठे आहेत; आणि त्याच ओळींत साऱ्या लोकांना, साऱ्या राष्ट्रांना मैत्री चिंतिली. ज्या व्यवस्थेत आईपासून मूल आणि नवऱ्यापासून बायको वेगळी विकता येत होती, तिथे हा प्रश्न शिध्याच्या भांड्यावर लिहून कोठारात ठेवला गेला. उत्तर कोणी दिले नाही. त्याआधी, १८४० नंतर १८५७ पर्यंतच्या काळातले त्याचे एकही यमक आज ठाऊक नाही. भांडी मात्र तो करतच होता. त्याची माती हवी होती, त्याचा शब्द सोसवत नव्हता.

दक्षिणेकडे बोट दाखवून उत्तरेने हात झटकावेत, असेही नाही. न्यूयॉर्कमध्ये कॉर्लियर्स हुक या भागात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १८१० च्या दशकाच्या शेवटापर्यंत टॉमस कॉमेरॉ नावाचा कुंभार स्टोनवेअर करत होता. उत्तम घाट, निळ्या रंगाची रेखीव नक्षी, आणि भांड्यावर ठसठशीत छाप: स्वतःचे नाव आणि ठिकाण. त्याची भांडी संग्राहकांनी अनेक दशके जपली, त्याचे नाव पुस्तकांत छापले. आणि एवढ्या सगळ्या काळात त्याला गोरा समजले. तो कृष्णवर्णीय होता, गुलामीत जन्मला होता, लहानपणी मुक्त झाला होता. ही गोष्ट जुन्या शिरगणतीच्या कागदावर सरळ लिहिलेली होती. ती एका अभ्यासकाच्या नजरेस पडली तेव्हा एकविसावे शतक उजाडले होते. दस्तऐवज कुठे दडवलेला नव्हता. इतके सुबक काम काळ्या हाताचे असेल ही शंकाच कोणाला आली नाही, म्हणून कोणी पाहिले नाही. कॉमेरॉ स्वतः १८२० मध्ये, अमेरिकेत आपल्याला बरोबरीची जागा नाही असे मानणाऱ्या मुक्त कृष्णवर्णीयांबरोबर, पश्चिम आफ्रिकेला जाणाऱ्या पहिल्या जहाजात चढला. तिथे तापाने अनेकांचा बळी घेतला. तो परतला आणि लवकरच वारला. ज्या शहराच्या घराघरांत त्याच्या बरण्या होत्या, त्या शहरात त्याचा जीव रमू नये अशीच परिस्थिती होती.

तीच गत चाकाशिवाय हाताने थापलेल्या, उघड्या आगीत भाजलेल्या, झिलई नसलेल्या मडक्यांची. व्हर्जिनिया आणि साउथ कॅरोलिनाच्या मळ्यांवर ती ढिगांनी सापडतात. १९६२ साली आयव्होर नोएल ह्यूम या नामवंत पुरातत्त्वज्ञाने ती मूळ अमेरिकन आदिवासींची ठरवली. गुलामांच्या झोपड्यांच्या जागा खणल्या गेल्या, लेलंड फर्ग्युसनसारख्या अभ्यासकांनी पुरावा मांडला, तेव्हा कळले की यातली पुष्कळ मडकी गुलामांनी स्वतःच्या चुलीसाठी केलेली होती. काही आदिवासींचीही होती. पण गुलामांचा विचार आधी कोणाला सुचला नाही. दिवसभर धन्यासाठी राबून रात्री जी माणसे स्वतःचे अन्न स्वतः केलेल्या मडक्यात शिजवत, त्यांच्याकडून ते मडकेही नंतरच्या विद्येने हिरावून घेतले होते.

गुलामी १८६५ मध्ये कायद्याने संपली. १८७० च्या शिरगणतीत एजफील्डमध्ये डेव्हिड ड्रेक हे नाव येते, व्यवसाय चाकावर भांडी करणारा. सत्तरीच्या घरात त्या माणसाला सरकारी कागदावर पुरे नाव मिळाले, तेही जुन्या धन्याचे आडनाव जोडून. पण समाज बदलला नव्हता. जुलै १८७६ मध्ये, पूर्वी एजफील्ड जिल्ह्यातच मोडणाऱ्या हॅम्बर्ग गावात सशस्त्र गोऱ्या जमावाने सहा कृष्णवर्णीयांचे जीव घेतले. त्या जमावातला बेन टिलमन पुढे राज्याचा गव्हर्नर झाला आणि १८९५ मध्ये त्याच्याच पुढाकाराने राज्याची नवी घटना झाली. तिने मतदाराला वाचता येण्याची अट घातली. एकसष्ट वर्षांपूर्वी ज्यांना अक्षर शिकवणे हा गुन्हा होता, त्यांच्याच लेकरा-नातवंडांना आता अक्षर येत नाही म्हणून मताचा हक्क नाकारला. अन्यायाची निर्लज्जता याहून पुढे जाऊ शकत नाही.

आज त्याच डेव्हच्या भांड्यांना सोन्याचा भाव आहे. २०२१ साली त्याचा एक रांजण लिलावात १५ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला. मोठ्या संग्रहालयांनी त्याची प्रदर्शने भरवली. सन्मान झाला याचा आनंद आहेच, पण सन्मान म्हणजे न्याय नव्हे. घडवणाऱ्याला दमडी मिळाली नाही, त्याच्या वारसांना तोवर मिळाली नाही, आणि किंमत मात्र हातोहाती वाढत गेली. २०२५ मध्ये बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सने त्याच्या दोन रांजणांची मालकी वंशजांना परत केली आणि त्यांतला एक त्यांच्याकडून रीतसर मोल देऊन घेतला. जे पाऊल एका संस्थेने २०२५ मध्ये उचलले, ते अशक्य कधीच नव्हते. बाकीच्या संस्थांना आता कोणतीही सबब उरलेली नाही.

मराठी माणसाने हे का वाचावे? कारण या इतिहासाशी आपले एक जाहीर नाते आहे. १८७३ साली जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांची मुक्तता करण्याच्या त्यांच्या निःस्वार्थी कामाबद्दल, अर्पण केले. डेव्ह मातीवर अक्षरे कोरत होता त्याच काळात, १८४८ मध्ये, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई मुलींच्या हाती पाटी देत होते. श्रम घ्यायचे आणि अक्षर नाकारायचे ही युक्ती जोतीरावांनी आपल्याच समाजात पाहिली होती, म्हणून त्यांना दूरच्या गुलामाचे दुःख इतके जवळून कळले. अमेरिकेतला गुलामांचा बाजार आणि आपली जातिव्यवस्था एकच नव्हेत. पण नवरात्रातला घट आणि संक्रांतीचे सुगड ज्याच्या हातचे लागते, त्याला आपणही विद्येच्या ओटीवर चढू दिले नाही, हे सत्य आहे. ती अर्पणपत्रिका दुसऱ्याच्या सद्गुणाची वाहवा करून थांबण्यासाठी नव्हती. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा, अशी तिची अपेक्षा होती.

म्हणून अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना माझी विनंती आहे. सुटीच्या दिवशी मुलांना संग्रहालयात न्याल, तेव्हा भांड्याखालची पाटी मोठ्याने वाचायला लावा. घडवणाऱ्याचे नाव नसेल तर तिथल्या माणसाला ते विचारायला शिकवा. नाव मिळत नसेल, तर हे काम गुलामांच्या श्रमातून झाले एवढे तरी पाटीवर लिहा, असा आग्रह धरा. आणि इथे, आपल्या घरी, प्रत्येक वस्तूच्या बाबतीत चार गोष्टी विचारल्याशिवाय राहू नका: ही वस्तू कोणी केली, त्याला पुरते दाम मिळाले का, ती करताना त्याच्या जिवाला अपाय झाला का, आणि त्याचे मूल शाळेत जाते का. यातल्या एका जरी प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आले नाही, तरी त्या वस्तूच्या अन्यायात आपण भागीदार आहोत. माहीत नव्हते ही सबब त्या जुन्या अमेरिकन घरांना मिळणार नाही, कारण त्यांना माहीत होते. आता तुम्हालाही माहीत आहे.